१५ विजयांचं हॅमिल्टन की तिसऱ्या क्रमांकाचं विनिपेग? २०१९ चा हंगाम खरा कोणाचा?

हॅमिल्टनकर

कॅनेडियन फुटबॉल लीगचा (सॉकर नव्हे, चेंडू हातात घेऊन धावायचा आणि फेकायचा फुटबॉल) २०१९ चा हंगाम आठवला की आजही जीव जळतो. राग कुठल्या खेळाडूवर नाही, पद्धतीवर आहे. हॅमिल्टन टायगर-कॅट्सनी १८ पैकी १५ सामने जिंकले. क्लबच्या इतिहासात एका हंगामात इतके विजय कधीच मिळाले नव्हते. मुख्य क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून चाल रचणारा, जेरेमाया मासोली जुलैअखेर गुडघा दुखावून बाहेर पडला, तरी डेन इव्हान्सने संघाची घडी विस्कटू दिली नाही. ब्रँडन बँक्स लीगचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला.

आणि ग्रे कप, म्हणजे लीगचा विजेतेपदाचा चषक, नेला कोणी? विनिपेग ब्लू बॉम्बर्सनी. ११ विजय, ७ पराभव, पश्चिम विभागात तिसरे. साखळीत आम्ही त्यांना दोन्ही वेळा हरवलं होतं, २३-१५ आणि ३३-१३. मग २४ नोव्हेंबरला कॅलगरीत एकच सामना ३३-१२ असा गेला आणि पाच महिन्यांची मेहनत पाण्यात. माझं मत स्पष्ट आहे: कप विनिपेगचा, पण त्या वर्षीचा सर्वोत्तम संघ हॅमिल्टनच.

विनिपेगची_सून

अजिबात पटलं नाही. तुम्ही गुणतक्ता दाखवताय, मी रस्ता दाखवते. पूर्व विभागात पहिलं आल्यामुळे हॅमिल्टन थेट विभागीय अंतिम सामन्यात गेलं, तेही घरच्या मैदानावर, आणि समोर ८ विजय, १० पराभव असा हंगाम गेलेलं एडमंटन. १५ विजयांचं फळ तुम्हाला पुरेपूर मिळालं होतं. बॉम्बर्सना मात्र तीन रविवार, तिन्ही परक्या गावात. कॅलगरीत गतविजेत्या स्टॅम्पीडर्सना ३५-१४, रेजायनात १३-५ च्या सस्कॅचेवनला २०-१३, आणि शेवटी तुम्हाला. २१ गुणांनी! तो काही नशिबाचा शेवटचा चेंडू नव्हता. मध्यंतरालाच २१-६ झालं होतं.

तिसरा_डाउन

माझी हरकत वेगळीच आहे आणि ती कोणी काढत नाही. अंतिम सामन्यात विनिपेगच्या अँड्र्यू हॅरिसने चेंडू घेऊन १३४ यार्ड धाव घेतली, दोन टचडाउन केले (चेंडू गोलरेषेपार नेला). सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू आणि सर्वोत्तम कॅनेडियन, दोन्ही मान त्यालाच. याच हॅरिसवर ऑगस्टमध्ये मेटॅन्डिएनोन या स्टेरॉइडच्या चाचणीत सापडल्यामुळे दोन सामन्यांची बंदी आली होती. हंगामाच्या पुरस्कारांसाठी खुद्द विनिपेगमधून त्याचं नाव पुढे गेलं नव्हतं, आणि त्या रात्री सगळे ते विसरले. मला हा डाग मोठा वाटतो.

विनिपेगची_सून

@तिसरा_डाउन, डाग आहे, नाही कशाला म्हणू? पूरक आहारात भेसळ होती असं हॅरिसने सांगितलं. बंदी मात्र त्याने पूर्ण भोगली आणि ते दोन सामने संघ त्याच्याविना खेळला. नियमाने दिलेली शिक्षा संपल्यावर माणूस मैदानात उतरला तर त्याची प्रत्येक धाव संशयाने मोजायची का? तो विनिपेगचाच मुलगा. आपल्या गावाला २९ वर्षांनी कप आणून दिला त्याने.

रेजायनाकर

दोघांच्या भांडणात आमचा संघ राहून गेला. पश्चिमेचा अंतिम सामना मी मोझॅक स्टेडियममध्ये बसून पाहिला आहे. पुढच्या रांगेत कोरलेली कलिंगडं डोक्यावर घातलेली माणसं, सगळीकडे हिरवं. रायडर्स, म्हणजे आमचं सस्कॅचेवन, ७ गुणांनी मागे, शेवटची चाल, चेंडू गोलरेषेच्या अगदी जवळ. आमचा क्वार्टरबॅक कोडी फहार्डोने फेकला. कॅनडाच्या फुटबॉलमध्ये गोलपोस्ट गोलरेषेवरच उभा असतो, मागे नसतो. चेंडू त्या लोखंडावर आपटला आणि खेळ संपला. तो आवाज पोहोचायच्या आधीच आमच्या बाजूचा माणूस खाली बसला होता. वीतभर इकडे-तिकडे झालं असतं तर हा धागाच निघाला नसता. म्हणून मी हॅमिल्टनकरांच्या बाजूने आहे. ज्याचं माप एका दांडीवर ठरतं ते हंगामाचं माप कसं म्हणायचं?

हॅमिल्टनकर

@रेजायनाकर, नेमकं हेच! आपल्या लोकांना हे समजावून सांगावं लागू नये. २०२३ च्या विश्वचषकात भारताने ओळीने १० सामने जिंकले आणि १९ नोव्हेंबरला अहमदाबादेत एक हरला. त्या स्पर्धेतला सर्वांत चांगला संघ कोणता, हे कोणत्याही मराठी घरात विचारा.

आणि @विनिपेगची_सून, आमच्या गावाचं दुःख एका वर्षाचं नाही. १९९९ नंतर कप नाही. २०१४ च्या अंतिम सामन्यात शेवटचं मिनिट उरलेलं असताना बँक्सने पंट (समोरच्यांनी लाथेने उडवलेला चेंडू) परत आणत अख्खं मैदान पार केलं, टचडाउन! आम्ही सोफ्यावरून उठून ओरडलो, आणि जमिनीवर पंचांचा नारिंगी रुमाल. बेकायदा अडथळा. २०-१६ ने गेलो. त्या दिवशी आमचा क्वार्टरबॅक कोण होता? झॅक कॉलारोस. पाच वर्षांनी त्यानेच आम्हाला हरवलं. तेही ऑक्टोबरमध्ये, खेळाडूंच्या अदलाबदलीच्या शेवटच्या दिवशी विनिपेगला मिळालेला. साखळीतला एकच सामना तो त्यांच्याकडून खेळला. अशा संघाला हंगामाचा मानकरी म्हणायचं?

विनिपेगची_सून

कॉलारोसचं नाव तुम्हीच काढलंत ते बरं झालं. १३ जूनला तो सस्कॅचेवनकडून हॅमिल्टनमध्येच हंगामातला पहिला सामना खेळत होता. सामन्यातल्या तिसऱ्याच चालीत तुमच्या सिमोनी लॉरेन्सने तो खाली सरकत असताना डोक्याला धडक दिली. लॉरेन्सवर दोन सामन्यांची बंदी आली, कॉलारोस महिनोन्‌महिने बाहेर. त्याला टोरंटोला दिलं, तिथेही तो खेळला नाही. इकडे आमचा क्वार्टरबॅक मॅट निकोल्स ऑगस्टमध्ये खांद्याने गेला. क्रिस स्ट्रेव्हलरने संघ ओढला, मग त्याचाही पाय गेला. कॉलारोस आयत्या वेळी उसना आणलेला माणूस नव्हता. सगळ्यांनी मोडीत काढलेला होता. तो मैदानात उतरल्यावर आम्ही एकही सामना हरलो नाही, आणि स्ट्रेव्हलर तशाच दुखऱ्या पायाने अंतिम सामन्यात उतरून हॅरिसला टचडाउनचा पास देऊन गेला. तुमचे १५ विजय मला मान्य आहेत, पण हंगाम जूनपासून नोव्हेंबरपर्यंतचा असतो, ऑक्टोबरपर्यंतचा नाही.

कप जिंकला त्या रात्री आम्ही विनिपेगच्या पोर्टेज आणि मेनच्या चौकात गेलो होतो. माझे सासरे १९९० चा कप पाहिलेले. हातमोजे काढून गाड्यांच्या हॉर्नवर टाळ्या वाजवत होते, बोटं लाल झाली तरी मोजे घालेनात. २००१ चा अंतिम सामना हरल्यावर कप येईपर्यंत लांब पँट घालणार नाही अशी शपथ घेतलेला आमच्याकडचा एक चाहता १८ हिवाळे अर्ध्या चड्डीत राहिला. मॅनिटोबाचे हिवाळे! त्याने त्या रात्री पँट घातली.

हॅमिल्टनकर

सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा. मत बदललेलं नाही. कॉलारोसचं मात्र खरं आहे, १३ जूनची ती धडक मी स्टेडियममध्ये पाहिली होती, आणि आमच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. मीही.