शत्रूच्या बाजूने सांगितलेला युद्धपट मित्रांसोबत : अनुभव लिहा

दुसऱ्या महायुद्धातली इवो जिमा बेटावरची लढाई जपानी बाजूने सांगणारा 'लेटर्स फ्रॉम इवो जिमा' परवा पुन्हा समोर आला आणि घोळक्याने असे चित्रपट पाहण्याचे दिवस आठवले. आपल्याला ज्याचा राग यायला हवा तोच सैनिक मरतो, खोलीत कुणी बोलत नाही, आणि दिवे लागले की वाद पेटतो. तो वाद चांगला व्हावा म्हणून काय करावं ते लिहूया.

सुरुवात मी करते. मूळ भाषेतच लावा. हा चित्रपट जवळजवळ सगळा जपानीत आहे. जखमी अमेरिकन कैद्याशी जपानी अधिकारी बॅरन नीशी इंग्रजीत बोलतो, बाकीच्या सैनिकांना त्यातलं काही कळत नाही. मग तो कैद्याच्या आईचं पत्र जपानीत वाचून दाखवतो. डबमध्ये सगळे एकच भाषा बोलू लागले की या प्रसंगाचा जीवच जातो.

शेवंती
त्याच लढाईवरचा, अमेरिकन बाजूचा जोडीचा 'फ्लॅग्ज ऑफ अवर फादर्स' आधी की नंतर?

रानपाखरू
आधीच. दोन्ही क्लिंट ईस्टवुडचे, २००६ चे. पहिल्यात जपानी जवळपास दिसतच नाहीत, नुसता गोळीबार येतो. दुसऱ्यात तोच किनारा वरच्या खंदकातून दिसतो. एका बैठकीत मात्र नको, मिळून साडेचार तास होतात आणि दुसऱ्यावर बोलायला कुणात त्राण उरत नाही.

खटपट्या
सबटायटल्स आधी तपासा हो, पाहुणे आल्यावर नाही! अक्षरांऐवजी चौकोन दिसले तर सबटायटलची फाइल यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये सेव्ह करा, तरीही चौकोनच आले तर प्लेअरमध्ये देवनागरी फॉन्ट निवडा. आवाज आणि सबटायटल्समध्ये सुरुवातीपासून सारखाच फरक असेल तर व्हीएलसी प्लेअरमध्ये जी आणि एच या कळा दाबून ५० मिलिसेकंदांनी मागेपुढे करता येतं. पण फरक हळूहळू वाढत असेल तर फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) जुळत नाही, फाइल २५ ची आणि चित्रपट २३.९७६ चा. तासाभरात जवळजवळ अडीच मिनिटांची तफावत पडते. ती कळ दाबून जात नाही, दुसरी फाइल घ्या.

शेवंती
खटपट्यादादा, हे वेगळं लिहून ठेवा, फार लागतं!

तोफखाना
हातबॉम्ब हेल्मेटवर का आपटतात हे दरवेळी कुणीतरी विचारतंच. जपानी टाइप ९७ हातबॉम्बची पिन काढून वरची टोपी कठीण वस्तूवर आपटावी लागे, त्यानंतर चार-पाच सेकंदांत स्फोट. हे आधीच सांगून ठेवा. बोगद्यात सैनिक एकेक करून स्वतःला संपवतात त्या वेळी कुणी प्रश्न विचारू नये.

जुनी वही
आधी दोन मिनिटं नकाशा दाखवा. लढाई १९ फेब्रुवारी ते २६ मार्च १९४५. बेटावरच्या जपानी फौजेचा सेनापती जनरल कुरिबायाशीने किनारा सोडून डोंगरात बोगदे खणायला लावले आणि आंधळ्या धडक हल्ल्यांना मनाई केली. का, हे माहीत नसेल तर पहिला पाऊण तास रटाळ वाटतो.

दुसरं, कुणीतरी म्हणणारच, "म्हणजे जपान्यांचं बरोबर होतं का?" नाही. सैनिकाबद्दल कळवळा वाटणं वेगळं आणि त्याच्या राजवटीला माफ करणं वेगळं. चीनमध्ये त्याच लष्कराने काय केलं ते या चित्रपटात येत नाही, ते आपणच चर्चेत आणायला हवं. चित्रपट दोन्हीकडचं क्रौर्य मात्र दाखवतो: जपानी एका कैद्याला संगिनीने मारतात आणि अमेरिकन शरण आलेल्यांना गोळ्या घालतात. बोलणं तिथून सुरू करा.

रानपाखरू
+१. नीशी खरा होता बरं का, १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये घोडेस्वारीत सुवर्ण. घोड्याचं नाव युरेनस!

शेवंती
घोड्याचं पुढे काय झालं? उगाच विचारलं, राहू दे, रडू येईल.

पाणकोंबडा
'दास बोट' कुणीच कसं नाही काढलं? १९८१, जर्मन पाणबुडी. यात आवाज हेच सगळं. टीव्हीचे स्पीकर पुरत नाहीत. नाइट मोड बंद ठेवा, तो कुजबुज आणि स्फोट एकाच पातळीवर आणतो. वरच्या शत्रूच्या जहाजाला पाण्यातून आवाज ऐकू जातो म्हणून खलाशी कुजबुजतात, आणि कुजबुज बारीक राहिली तरच धसका बसतो.

जळत्या टँकरवरून माणसं पोहत पाणबुडीकडे येतात आणि कप्तान मागे हटायला सांगतो, तिथे थांबवू नका. मध्यंतर त्याआधी नाहीतर बरंच नंतर.

खटपट्या
कोणती आवृत्ती पण?

पाणकोंबडा
१९९७ ची, साडेतीन तासांच्या जवळपास. १९८१ ची अडीच तासांची आहे, त्यात खलाशांशी ओळख व्हायला वेळ कमी मिळतो. टीव्हीसाठीची याहून लांब, ती भागाभागाने पाहा.

तोफखाना
आणि टीव्हीचं मोशन स्मूदिंग (हालचाल गुळगुळीत करणारी सेटिंग) बंद करा, त्याने सगळं मालिकेसारखं दिसतं. 'इवो जिमा'चे रंग मुद्दाम उडवलेले आहेत, टीव्ही बिघडला समजून कुणी रंग वाढवतं. व्हिव्हिड नको, सिनेमा मोड ठेवा. बोगद्यातल्या अंधारात चेहरे दिसेनात तर ब्राइटनेस एक-दोन घरं वाढवा, कॉन्ट्रास्टला हात लावू नका.

शेवंती
रविवारी 'फ्लॅग्ज' लावतेय. जुनी वही, नकाशा टाकाल का इथे?