एसटीने फिरणारा आमदार, बरं मग?

कोरडवाहू:
सकाळी भावकीच्या ग्रुपवर पुन्हा तेच आलं. गणपतराव देशमुखांचा फोटो आणि खाली ‘अकरा वेळा आमदार, तरी एसटीने प्रवास, देशातला विक्रम, असा नेता होणे नाही, पुढे पाठवा.’ लगेच सगळ्यांनी हात जोडले. तिथं आमचे थोरले मामा आहेत, म्हणून गप्प बसलो. इथं बोलतो.

माणूस सचोटीचा होता, त्यात वाद नाही. पण आमदाराचं माप तो कशात बसून आला यावर काढायचं का? १९६२ ला पहिल्यांदा निवडून आले, २०१९ ला थांबले. १९७२ ते ७४ आणि १९९५ ते ९९ एवढं सोडलं तर पन्नासेक वर्षं सोलापूर जिल्ह्यातला सांगोला मतदारसंघ त्यांच्याकडेच. १९७८ ला शरद पवारांच्या पुलोद आघाडी सरकारात मंत्री, १९९९ ला विलासरावांच्या मंत्रिमंडळात मंत्री. म्हणजे सत्ता पाहिलीच नाही असंही नाही. तरी सांगोला म्हटलं की पुढचा शब्द दुष्काळ. शेजारी अकलूज बघा. तिथल्या पुढाऱ्यांच्या गाड्या मोठ्या, पण कालवाही मोठा आणि ऊसही. मला गाडीतून फिरणारा चालेल, पाणी आण म्हणावं.

माणकाठ:
राम राम दादा. कालव्याचं काढलंत म्हणून लिवतोय. अकलूजला नीरेचं पाणी इंग्रजाच्या काळापासनं हाय, ते कुठल्या आमदारानं आणलेलं न्हाई. त्याच नीरा उजव्या कालव्याचं शेपूट आमच्यात येतंय. वरच्यांची भरणी झाल्याबिगर शेपटाला काय मिळतं, ते शेपटाकडच्यालाच ठावं. आता टेंभू उपसा योजनेचं बोला. कराडजवळ कृष्णेतनं पाणी उचलायचं, टप्प्याटप्प्यानं चढवायचं आन आटपाडीवरनं इकडं आणायचं. १९९६ ला मंजूर झाली, पर १९९३ पासनं आटपाडीला पाणी परिषदा भरत होत्या. नागनाथअण्णा नायकवडी पुढं, आन आबासाहेब, म्हंजी गणपतराव, त्यांच्या खांद्याला खांदा लावून. माण नदीतले बंधारे टेंभूच्या पाण्यानं भरून घेतले तवा ह्या पोस्टा फिरवणारं कुणी न्हवतं. साधेपणा सोप्पाय, त्याचा फोटो निघतो. पाठपुराव्याचा फोटो निघत न्हाई.

कोरडवाहू:
तेच म्हणतोय मी. मग पाठपुराव्याचं लिहा ना! फॉरवर्डात टेंभूचा ट सुद्धा नाही. आणि ’९६ ला मंजूर झालेली योजना पूर्ण व्हायला किती वर्षं गेली? छोट्या पक्षाचा आमदार, विधानसभेत कितीही तळमळीने बोलला तरी निधी वाटणारे दुसरेच. शेकाप, म्हणजे शेतकरी कामगार पक्ष, धरून बसण्याची किंमत तालुक्याने मोजली, त्यांनी नाही.

चष्मा_पुसून:
आधी ‘देशातला विक्रम’ खोडा. केरळचे के. एम. मणी एकट्या पाला मतदारसंघातून १३ वेळा निवडून आले, १९६५ ते २०१६. करुणानिधीही १३ वेळा, पण त्यांचे मतदारसंघ बदलत गेले. गणपतरावांचा विक्रम महाराष्ट्रापुरता आहे, आणि त्या अकरात १९७४ ची पोटनिवडणूकही आली.

माणकाठ:
मणीसायबांच्या तेरातली १९६५ ची विधानसभा भरलीच न्हाई, ती कशी मोजता?

चष्मा_पुसून:
नका मोजू. बारा उरतात. बारा हे अकरापेक्षा जास्त असतात.

माणकाठ:
बरं बाबा, जास्त. वाटा पेढे.

नोव्हेंबर_२००५:
एसटी, टेंभू, पेढे, सगळं झालं. पेन्शनचं कोण बोलणार? एक टर्म आमदार राहिलं की महिना ५० हजार पेन्शन, पुढच्या प्रत्येक वर्षाला आणखी २ हजार. पाच टर्म बसला की ९० हजार, तहहयात. मी जिल्हा परिषदेचा शिक्षक. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलो म्हणून मला जुनी पेन्शन नाही. माझे वडीलही शिक्षक होते, त्यांना आहे. एकाच घरात, एकाच पेशात. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात म्हातारा पासबुक भरून आणतो आणि माझ्यासमोर टेबलावर उघडं ठेवतो. बोलत काही नाही, मुद्दाम करतो.

काउंटरवाला:
आलं का हे इथंही! मास्तर, विषय सांगोल्याचा चाललाय.

नोव्हेंबर_२००५:
विषय आमदाराच्या कारकिर्दीचा आहे. कारकीर्द संपल्यावर काय मिळतं तेही त्यातच आलं. आणि मास्तर म्हणायचं ते मानाने म्हणा.

काउंटरवाला:
मानानेच म्हणतो, सर. माझं किराण्याचं दुकान आहे. मला जुनी पेन्शन नाही, नवी नाही, रजा नाही, संपही नाही. मार्च २०२३ मध्ये तुम्ही आठवडाभर संपावर होता, तेव्हा माझी पोरगी दहावीला होती. आमदाराच्या ५० हजारावर जळता आणि तुम्हाला स्वतःला मात्र तसंच पाहिजे. हे तत्त्व नाही, ही रांगेतली भांडाभांडी आहे.

नोव्हेंबर_२००५:
तुमच्या दुकानात उधारी कुणाची चालते? नोकरदाराचीच ना? महिना ठरलेला म्हणून तुम्ही देता. पाच वर्षांत सभागृहात तोंड न उघडणाऱ्याला जन्मभर मिळतं आणि तीस वर्षं खडू झिजवणाऱ्याची पेन्शन २००५ नंतर बाजाराच्या चढउतारावर सोडली. यात जळणं कसलं? पंजाबने २०२२ मध्ये कायदा करून आमदाराला कितीही टर्म झाल्या तरी एकच पेन्शन ठेवली. आपल्याकडे हा विषय काढला की दोन्ही बाकांवरचे एकदम भाऊ होतात.

काउंटरवाला:
पंजाब राहू द्या. ते ५० हजार कुठून जातात? आमच्या करातून.

घाटावरची:
भाऊ, कर सगळेच भरतात, साबणाच्या वडीवर सुद्धा. आणि विषय करावरच गेलाय तर ऐका. व्यवसाय कर आहे ना, नोकरदाराचे महिन्याला २०० कापले जातात तो? तो १९७५ मध्ये रोजगार हमीसाठी लावला होता. शहरातल्याच्या पगारातून दुष्काळी भागातल्या मजुराची मजुरी. आणि १९९९ ला गणपतरावांकडे खाती कोणती होती? पणन आणि रोजगार हमी. ७२ च्या दुष्काळाआधीच्या निवडणुकीत हरलेला माणूस पुढे त्याच दुष्काळातून वाढलेल्या योजनेचा मंत्री झाला. यावर कुणी दोन ओळी लिहीत नाही, सगळ्यांना एसटीची सीट दिसते.

नोव्हेंबर_२००५:
ताई, हे माहीत नव्हतं. पण पेन्शनचा मुद्दा तसाच राहिला.

घाटावरची:
राहू द्या. तुमचा तो राहणारच आहे.

कोरडवाहू:
ज्याने धागा काढला त्याला बोलायला जागा मिळेल का? रोजगार हमीचं ऐकून छान वाटलं, पण नेमकं तेच दुखणं आहे. ज्या तालुक्याला कायम हमीची कामं लागतात त्याच्या आमदाराची कारकीर्द यशस्वी कशी म्हणायची? आमच्या वाडीत टँकर यायचा. ड्रायव्हर पाइप थेट विहिरीत सोडायचा आणि पाणी पडायच्या आधी पोहरे पडायचे. माझ्या बहिणीच्या कपाळावर त्या पोहऱ्याची खूण अजून आहे. मोठेपणी कर्ज काढून डाळिंब लावलं. अगोदर तेल्या रोग आला, मग मर रोग, शेवटी खोडकिडीने राहिलेली झाडं भुशासारखी केली. विमा उतरवला होता. विमावाल्याने तुमचं नुकसान निकषात बसत नाही म्हणून कळवलं. जेसीबी लावून बाग काढली. डिसेंबर २०२० मध्ये शंभरावी किसान रेल्वे सांगोल्याहून शालिमारला सुटली, पंतप्रधानांनी ऑनलाइन झेंडा दाखवला, तेव्हा गावात फटाके वाजले. दोन वर्षांत त्या रेल्वेत भरायला आमच्या शिवारात डाळिंब नव्हतं.

माणकाठ:
बाग गेली त्याचं वाईट वाटलं दादा, आमची बी निम्मी गेली. पर तेल्या आबासाहेबांनी आणला का? माझी आई आबासाहेबांच्या सूतगिरणीत कामाला हुती. सांजच्याला घरी आली की केसात, भुवयांत कापसाचे तंतू. दारात उभी राहून झटकायची, मग आत यायची. त्या पगारावर आमी दोघं भाऊ शिकलो. कोरड्या तालुक्यात, कापूस बाहेरनं आणून गिरणी चालवली. बाकी जिल्ह्यात किती सूतगिरण्या अवसायनात गेल्या ते मोजा एकदा. ह्याला कारकीर्द म्हणायचं न्हाई तर कशाला?

कोरडवाहू:
गिरणी मान्य. टेंभूही निम्मी मान्य, कारण वीजबिल थकलं की पंप बंद पडायचे. आता ८१ टक्के सरकार आणि १९ टक्के शेतकरी असं ठरलंय म्हणून जरा चालतंय. पण पुढची फळी कुठाय? ९२-९३ वर्षांपर्यंत एकच माणूस, आणि थांबल्यावर तिकीट कुणाला? नातवाला. साधेपणातही घराणं असतंच.

चष्मा_पुसून:
२०१९ ला अनिकेत देशमुख ७६८ मतांनी पडले. १९९५ ला खुद्द गणपतराव १९२ मतांनी पडले होते. दोन्ही वेळा समोर शहाजीबापू पाटील.

काउंटरवाला:
काय झाडी, काय डोंगार! सांगोल्याला आख्खा महाराष्ट्र ओळखायला लागला तो गुवाहाटीवरून. पन्नास वर्षांच्या सचोटीपेक्षा बापूंच्या एका फोन कॉलने जास्त नाव झालं.

माणकाठ:
आन २०२४ ला लोकांनी त्याच बापूंना घरी बसवून शेकापच्या बाबासाहेब देशमुखांना निवडून दिलं. आख्ख्या राज्यात शेकापची तेवढी एक जागा.

कोरडवाहू:
पुन्हा देशमुखच. माझाच मुद्दा सिद्ध केलात, आभार.

माणकाठ:
मत तुमी कुणाला दिलं ते सांगा की मग.

कोरडवाहू:
आमच्या घरात मामांना विचारल्याशिवाय मत पडत नाही. काय ते समजा.

नोव्हेंबर_२००५:
व्यवसाय कराचं एक राहिलं. २०० अकरा महिने. फेब्रुवारीत ३०० कापतात.