मदत हवी आहे : श्योपूरच्या छोट्या गाडीच्या आठवणी

नमस्कार मंडळी. मी ग्वाल्हेरची, लष्कर भागातली. एक कादंबरी लिहितेय. १९८६ साल, नऊ वर्षांची मुलगी. तिचे बाबा श्योपूरच्या छोट्या गाडीत, म्हणजे ग्वाल्हेर-श्योपूर या अरुंद रुळांच्या रेल्वेत, बसतात ते परत येतच नाहीत. मोठेपणी ती त्यांचा माग काढत निघते.

घरातलं सगळं मला दिसतं. आई रोज सकाळी आरशापुढे कुंकू लावते, बोट क्षणभर कपाळावर थांबतं. नातेवाईक मात्र ७ वर्षं मोजत बसलेत, कारण तेव्हा लागू असलेल्या १८७२च्या पुरावा कायद्याच्या कलम १०८नुसार तेवढ्या काळात खबर नसली की माणूस मृत मानता येत असे. त्या पोरीला हे कोणी समजावूनच सांगत नाही. मला तेच सगळ्यात जास्त टोचतं.

अडलंय ते गाडीपाशी. ती २०२० साली बंद झाली आणि मी एकदाही बसले नव्हते. घोसीपुरा, जौरा, कैलारस, सबलगढ असा प्रवास त्या काळात केलेलं कोणी आहे का? रात्री डब्यात दिवे असत का? मधल्या स्टेशनावर कोणी उतरलं तर गार्डाच्या लक्षात येई का? आणि तेव्हा घरचं माणूस हरवल्यावर कोणी ठाण्यात गेलं असेल, तर तिथे काय काय विचारलं होतं? घरातल्या आजी-आजोबांना विचारून सांगितलंत तरी चालेल.