एतोशा: गाइड नको, वेळ हवा

एकाने विचारलंय की नामिबियातल्या एतोशा राष्ट्रीय उद्यानात ड्रायव्हर-गाइड न घेता, स्वतः गाडी चालवत गेलो तर प्राणी दिसतील का. दिसतील की! फक्त कोरड्या दिवसांत जा, साधारण जून ते ऑक्टोबर. तेव्हा रानात इतरत्र पाणी उरत नाही, त्यामुळे हत्ती, झेब्रे, स्प्रिंगबॉक (हरणासारखा प्राणी), जिराफ सगळ्यांना पाणवठ्यावर यावंच लागतं. इंजिन बंद करून एकाच पाणवठ्यावर तासभर बसा. दिवसात दहा पाणवठे 'करणाऱ्यांना' मुख्यतः धूळ मिळते. (आपल्याकडे ताडोबात जिप्सीवाल्याला "आता पुढे चल" म्हणायची सवय लागलेली असते, ती इथे सोडायची.)

राहायचं मात्र उद्यानाच्या आतल्या कॅम्पमध्ये. गेटं सूर्योदयाला उघडतात, सूर्यास्ताला बंद होतात. बाहेर राहिलात तर सकाळचा सगळ्यात चांगला वेळ गेटपर्यंत येण्यातच जातो. शिवाय ओकाउकुएयो कॅम्पच्या पाणवठ्यावर रात्रभर दिवे असतात आणि काळा गेंडा दिसायची तीच उत्तम जागा. जुलैत रात्री कडाक्याची थंडी पडते, आफ्रिका म्हणून स्वेटर घरी ठेवू नका.

फोर-बाय-फोरची (चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणाऱ्या गाडीची) सक्ती नाही. पण खडीचे रस्ते पन्हाळी पत्र्यासारखे असतात, म्हणून जरा उंच गाडी बरी, आणि टायर व काचेचा विमा वेगळा असेल तर तोही घ्या. गाडी डावीकडूनच चालवायची आहे, तेवढी चिंता मिटली.