मदत हवी आहे : 'डाउन्टन ॲबी'तली सिबिल खरंच वाचली असती का?

नमस्कार मंडळी,

'डाउन्टन ॲबी' मालिकेतल्या आजारपणांवर मी एक मोठा लेख लिहायला घेतलाय आणि सिबिलच्या मृत्यूपाशी येऊन अडकलेय. इथे डॉक्टर मंडळी आहेत, वैद्यकशास्त्राचा इतिहास आवडीने वाचणारेही आहेत, म्हणून हा धागा. मालिका बघायची राहिली असेल तर पुढे वाचू नका, सगळी गुपितं फुटणार आहेत. डॉक्टरांनी मात्र मालिका पाहिली नसली तरी जरूर वाचावं, प्रसंग नीट सांगते.

कथा यॉर्कशायरमधल्या एका उमराव घराण्याची आणि त्यांच्या नोकरचाकरांची. १९१२ च्या एप्रिलमध्ये टायटॅनिक बुडाल्याच्या बातमीने सुरू होते आणि १९२५ सरता सरता संपते. सिबिल ही घरातली धाकटी मुलगी. युद्धात तिने नर्सिंगचं शिक्षण घेतलं, घरच्या ड्रायव्हरशी लग्न केलं, आणि १९२० मध्ये बाळंतपणासाठी माहेरी आलीय. गावातला डॉक्टर क्लार्कसन तिला लहानपणापासून ओळखतो. वडील रॉबर्ट यांनी मात्र लंडनहून सर फिलिप टॅप्सेल नावाचे बडे प्रसूतितज्ज्ञ बोलावलेत. क्लार्कसनवरचा त्यांचा विश्वास आधीच उडालाय, कारण युद्धात पाठीला जखम झालेला मॅथ्यू कधीच चालणार नाही असं त्याने सांगितलं होतं आणि मॅथ्यू चालायला लागला.

कळा सुरू होतात. क्लार्कसनला दिसतं की तिचे घोटे सुजलेत, डोकं दुखतंय, ती मधूनच असंबद्ध बोलतेय, बाळ लहान वाटतंय आणि लघवीत अल्ब्युमिन आहे. हे एक्लॅम्पसियाकडे (गर्भारपणात रक्तदाब वाढून झटके येण्याच्या आजाराकडे) चाललंय, ताबडतोब हॉस्पिटलात हलवून सिझेरियन करू या, असं तो सांगतो. टॅप्सेल म्हणतात, सगळं ठीक आहे, हलवण्यातच धोका आहे. आई कोरा क्लार्कसनच्या बाजूने, वडील टॅप्सेलच्या. या वादात वेळ जातो. मुलगी सुखरूप जन्मते, घरात आनंद होतो, आणि रात्री सिबिलला झटके येतात. दोन डॉक्टर खोलीत उभे असताना ती जाते. दोघांच्याही हातात काहीच नसतं. तो प्रसंग मी पुन्हा पाहिला तेव्हा टॅप्सेलचा राग येण्याआधी या रिकाम्या हातांचंच जास्त वाईट वाटलं.

माझा खरा प्रश्न त्यानंतरचा आहे. कोरा नवऱ्याला माफ करायला तयार नाही. लग्न मोडायची वेळ येते, तेव्हा आजी व्हायोलेट क्लार्कसनला गळ घालते. मग तो दोघांना समोर बसवून सांगतो की सिझेरियन केलं असतं तरी वाचण्याची शक्यता अगदी नगण्य होती. दोघं एकमेकांच्या गळ्यात पडून रडतात. हे तो खरं बोलला, की एक घर सावरण्यासाठी खोटं बोलला? १९२० चं वैद्यकशास्त्र बघता काय म्हणाल? लेखाचा सगळा तोल या एका उत्तरावर आहे. मला क्लार्कसनवरही अन्याय करायचा नाही आणि कोराच्या रागावरही.

आणखी दोन प्रश्न आहेत. अ‍ॅना या मोलकरणीचे गर्भ पुन्हा पुन्हा पडतात. १९२५ मध्ये लंडनच्या हार्ली स्ट्रीटवरचा डॉक्टर गर्भाशयाच्या तोंडाला टाका घालतो आणि तिला मुलगा होतो. पण असा टाका म्हणजे आपल्या डॉ. शिरोडकरांचा, आणि तो बराच नंतरचा ना? दुसरा लॉर्ड मर्टनबद्दल. शेवटच्या भागात त्याला पर्निशस ॲनिमिया झालाय, म्हणजे आता थोडेच दिवस, असं सगळे धरून चालतात. पुढे कळतं की तो साधा ॲनिमिया आहे. त्या काळी हा आजार खरंच इतका जीवघेणा होता?

बाकी लव्हिनियाचा स्पॅनिश फ्लू, मिसेस पॅटमोरचा मोतीबिंदू, रॉबर्टचा फुटलेला अल्सर यांवर पुरेसं लिहून झालंय, पण काही सुचवायचं असेल तर स्वागत.

प्रतिसाद

ताई, मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. हा भाग पाहिलाय आणि आम्हा डॉक्टरांमध्ये त्यावर बरीच चर्चाही झालीय.

आधी लक्षणांबद्दल. घोट्यांची सूज कितीतरी निरोगी गर्भिणींना असते. आज निदानाच्या निकषांत ती धरतच नाहीत. त्यामुळे टॅप्सेल नुसत्या सुजेवरून घाबरले नाहीत, हे मी त्यांच्या खात्यावर चूक म्हणून टाकणार नाही. पण डोकेदुखी, असंबद्ध बोलणं आणि लघवीतली प्रथिनं हे सगळं एकत्र आलं की आजही आम्ही धावपळ करतो. बाळ लहान असणं ही क्लार्कसनची सर्वांत चांगली नोंद. वार, म्हणजे पोटात बाळाला पोसणारा अवयव, नीट काम करत नसली की बाळ वाढत नाही, आणि या आजाराचं मूळही वारेतच आहे. लघवीतल्या अल्ब्युमिनचा आणि झटक्यांचा संबंध १८४३ पासून माहीत होता. रक्तदाब मोजायचा पट्टा १८९६ चा, आणि स्टेथोस्कोप लावून आवाज ऐकायची कोरोत्कोव्हची पद्धत १९०५ ची. म्हणजे निदान करायला लागणारं सगळं १९२० मध्ये होतं. टॅप्सेल यांच्या दर्जाच्या माणसाला तर यातलं काहीच नवीन नव्हतं. त्यांचा दोष तिथे आहे.

उपचारांचं काय? रक्तदाब उतरवायचं आज वापरतो तसं औषध नव्हतं. झटके थांबवायला मॉर्फिन आणि क्लोरल हायड्रेट देऊन अंधाऱ्या, शांत खोलीत ठेवायची रशियन डॉक्टर स्ट्रोगानोव्हची पद्धत प्रचलित होती. मॅग्नेशियम सल्फेटचे प्रयोग सुरू होते, पण गावातल्या हॉस्पिटलात ते हाताशी असण्याची अपेक्षा धरता येत नाही. आज आपण ते डोळे मिटून देतो, कारण २००२ मध्ये ३३ देशांतल्या १०,००० हून जास्त बायकांवर झालेल्या 'मॅगपाय' चाचणीत झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी झाला. आणि सिझेरियन? १९२० मध्ये जंतुसंसर्गावर सल्फा नाही, पेनिसिलिन नाही, रक्त भरायची सोय तुटपुंजी. आजारी बाईचं पोट उघडणं हाच एक मोठा जुगार होता आणि एक्लॅम्पसियात शस्त्रक्रिया करावी की करू नये यावर तेव्हा नामवंतांमध्येही दोन तट होते. इंग्लंड-वेल्समध्ये त्या काळी हजार बाळंतपणांमागे सुमारे ४ आया जायच्या, हे विसरून चालणार नाही.

शिवाय बाळ आणि वार बाहेर आली म्हणजे आजार त्या क्षणी संपत नाही. झटके बाळंतपणानंतर दोन दिवसांत, कधी त्याहून उशिराही येतात. सिबिलला तसेच आले. सिझेरियननंतरही ते येऊ शकले असते.

म्हणून माझं मत असं : 'नगण्य' हा शब्द क्लार्कसनने कोरा-रॉबर्टसाठी निवडला, आकड्यासाठी नाही. शक्यता कमी होती, शून्य नव्हती. थोडी लवकर हालचाल झाली असती तर ती थोडी वाढली असती. तुमच्या लेखात ही 'थोडी' जरूर ठेवा. कोराचा राग त्या थोडक्यावरच उभा आहे आणि तो रास्त आहे.

प्रतिसाद

टाक्याबद्दल लिहितो. डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर मुंबईतले, जन्म १८९९ चा. गर्भारपणात गर्भाशयमुखाभोवती टाका घालायची त्यांची पद्धत १९५५ मध्ये प्रसिद्ध झाली. सुरुवातीला दोऱ्याऐवजी ते रुग्णाच्याच मांडीतल्या स्नायूवरच्या आवरणाची पट्टी वापरायचे. आतल्या तोंडापर्यंत पोचण्यासाठी मूत्राशय वर सरकवून टाका वरच्या बाजूला घालावा लागे. दोनच वर्षांनी मेलबर्नच्या मॅकडोनाल्ड यांनी जास्त सोपा, बटव्याच्या नाडीसारखा टाका सांगितला. फाटलेलं गर्भाशयमुख शिवायची शस्त्रक्रिया मात्र एकोणिसाव्या शतकापासून होती, ती गर्भ नसताना करत. त्यामुळे हार्ली स्ट्रीटवरच्या एखाद्या डॉक्टरने १९२५ मध्ये धाडस केलं, एवढं कथेपुरतं मान्य करता येईल. पण मालिकेत तो नेहमीचा उपाय असल्यासारखा येतो, ते काळाला धरून नाही. लेखात शिरोडकरांचं नाव घ्याच ताई, मराठी वाचकाला ते कळायलाच हवं. बाराव्या आठवड्याच्या सुमारास टाका घालणं बरोबर दाखवलंय. फक्त त्याआधीच पडणारे गर्भ सहसा गर्भाशयमुखामुळे पडत नाहीत, इथे लेखकाने थोडी सूट घेतलीय.

प्रतिसाद

मर्टनचं तर काळजाला लागणारं आहे. पर्निशस ॲनिमियात पोटातून जीवनसत्त्व बी-१२ शोषलं जात नाही. १९२५ पर्यंत हे निदान म्हणजे मृत्यूची चिठ्ठीच होती. १९२६ मध्ये बोस्टनच्या मायनट आणि मर्फी यांनी दाखवलं की रोज भरपूर लिव्हर खायला घातलं की हे रुग्ण सुधारतात. त्याबद्दल व्हिपल यांच्यासह त्यांना १९३४ चं नोबेल मिळालं. बी-१२ वेगळं काढलं ते १९४८ मध्ये. म्हणजे मर्टनला तो आजार खरंच असता, तरी थोडी कळ काढली असती तर उपाय पुढच्याच वर्षी दाराशी येत होता. मालिकेतल्या कुणालाही ते माहीत असणं शक्य नव्हतं.

जाता जाता रॉबर्टच्या अल्सरबद्दल. त्या काळी अल्सर म्हटलं की चिंता आणि खाणंपिणं यांनाच दोष द्यायचे. जंतूमुळे होतो हे १९८२ नंतर मार्शल आणि वॉरन यांच्यामुळे कळलं. रॉबर्टला दारू सोडायला सांगतात तो प्रसंग लिहाल तेव्हा हे वापरता येईल.

धागाकर्ती

तिघांचेही मनापासून आभार. डॉक्टर, तुमचं ते 'शून्य नव्हती' वाक्य तुमच्या परवानगीने लेखात घेते, नाव न घालता. शिरोडकरांचा परिच्छेद आता अ‍ॅनाच्या गोष्टीआधी येईल.

एक शंका राहिलीच. शेवटी बटलर कार्सनचे हात थरथरायला लागतात. वाईन ओतताना ग्लासाबाहेर सांडते आणि त्याला पद सोडावं लागतं. वडिलांना आणि आजोबांनाही हेच झालं होतं असं तो सांगतो. हे पार्किन्सन्स की आनुवंशिक कंप? हात काम करताना थरथरतो, मांडीवर ठेवलेला असताना नाही, इतकं मला पडद्यावर दिसलं. मेंदूविकारतज्ज्ञ कुणी असतील तर एवढं सांगा, पुढच्या आठवड्यात लेख द्यायचाय.