किंमत तुलनेच्या साइटवर हळद टाकून फसलो काय?

हळदवाला, समुद्रपूर तालुका
नमस्कार मंडळी. घरची वायगाव हळद हाय, दोन एकर. मागच्या सालापासून दळून, पाकिटं करून स्वतःच्या ऑनलाइन दुकानातून विकून रायलो. २५० ग्रॅम ९५ रुपये, कुरिअर ६०. पुतण्या म्हणते, काका, भावाची तुलना करणाऱ्या साइटवर टाका, गिऱ्हाईक आपोआप येते. टाकलं. एकीनं क्लिकमागं ३ रुपये घेतले. शंभर क्लिकचे ३०० गेले, ऑर्डरी दोन. त्यातला एक हिंगणघाटचाच, तो तं बाजाराच्या दिवशी भेटतेच मले! पाकिटामागं सुटते ३५, अन् एका ऑर्डरीले खर्च १५०. मंग गूगलवर माल फुकट दाखवतात, त्या लिस्टिंगमधी गेलो तं माल नामंजूर. फोटो मस्त होता बाप्पा, वर आपला मोबाइल नंबरबी टाकला होता.

काटोलचा संत्रावाला
भाऊ, नंबरच नडला. फोटोवर नंबर, 'शुद्ध १००%', ऑफर, काहीच चालत नाही. नुसता माल दिसला पाहिजे.

अकोल्याहून
फोटोसोबत किंमतही पाहा. मर्चंट सेंटर म्हणजे गूगलवर माल चढवायचं खातं, तिथल्या मालाच्या यादीत (शीटमध्ये) ९५ आणि दुकानात सूट देऊन ९० असेल तरी माल अडकतो. माझं दिवाळीत तेच झालं, दुकानात भाव बदलला आणि शीट विसरलो. बारकोड नसेल तर 'आयडेंटिफायर एक्झिस्ट्स' (मालाला ओळख क्रमांक आहे का) या रकान्यात 'नो' लिहा, खोटा नंबर ठोकू नका. कुरिअरचा खर्चही शीटमध्ये भरा. गिऱ्हाईक ९५ पाहून येते, शेवटी १५५ दिसले की परत जाते. तुमचे बरेचसे क्लिक तिथंच गळाले असतील.

भिवापुरी मिरची
दादा, मी तिखट विकते, माझाही सुरुवातीला असाच घोळ होता. कुरिअरवाला पाव किलोलेही अर्ध्या किलोचेच पैसे लावते. मंग पाव किलो कायले पाठवता? अर्धा किलो १८० ले ठेवा. कुरिअर धरून गिऱ्हाइकाले १०० ग्रॅम ६२ चे ४८ वर येते. क्लिकचे पैसे घेणाऱ्या साइटवर मी मोबाइल-टीव्हीच पाहिले, आपल्या मसाल्याले तिथं कोण विचारते? अन् वायगाव हळदीले २०१६ मध्येच भौगोलिक मानांकन भेटलं आहे, आमच्या मिरचीलेही. त्या मानांकनाचा अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करून घ्या, मंग ते नाव मालाच्या शीर्षकात लिहा. 'शुद्ध हळद' तं सगळेच लिहितात.

हळदवाला, समुद्रपूर तालुका
ताई, अर्ध्या किलोचा हिशोब माझ्या डोक्यातच नाही आला! क्लिकवाली बंद केली. नोंदीसाठी कागदं काढून रायलो. पुतण्यानं आईच्या पांढऱ्या चादरीवर हळद ओतून नवा फोटो काढला, काल मंजूरबी झाला. चादरीचा पिवळा डाग काही निघत नाही, म्हणून दोघंबी सकाळपासून शिव्या खाऊन रायलो.