इम्प्रिंटेड पॉलिमरसाठी राफ्ट निवडावे की एटीआरपी?

गिरणाकाठ (जळगाव): नमस्कार. कपाशीवरील मावा आणि तुडतुड्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या इमिडाक्लोप्रिडचा अंश विहिरीच्या पाण्यातून वेगळा काढता यावा, यासाठी मी मॉलिक्युलरली इम्प्रिंटेड पॉलिमर (ज्यात ठरावीक रेणूला बसतील अशा पोकळ्या असतात) तयार करीत आहे. मिथॅक्रिलिक आम्ल हा मोनोमर, एथिलीन ग्लायकॉल डायमिथॅक्रिलेट हा क्रॉसलिंकर (साखळ्या एकमेकींना जोडून जाळी करणारा), अ‍ॅसिटोनायट्राइल हा द्रावक आणि एआयबीएन हा इनिशिएटर (अभिक्रिया सुरू करणारा) आहे. तापमान 60 अंश सेल्सिअस. पॉलिमर व्यवस्थित मिळतो, परंतु टेम्प्लेट (ज्याच्याभोवती पोकळी घडते तो रेणू, येथे इमिडाक्लोप्रिड) न घालता केलेला पॉलिमरही पाण्यातून जवळजवळ तेवढेच कीटकनाशक धरतो. मार्गदर्शकांनी नियंत्रित पॉलिमरीकरण, म्हणजे साखळ्यांची वाढ ताब्यात ठेवणारी पद्धत, सुचवले आहे; एटीआरपी (तांब्याच्या उत्प्रेरकाने) आणि राफ्ट (गंधकयुक्त अभिकर्मकाने) हे त्याचे दोन प्रकार. एटीआरपीचे साहित्य विभागात आहे, राफ्टचे मागवावे लागेल. कोणती पद्धत घ्यावी?

पांझरा (धुळे): साहित्य हाताशी आहे एवढ्यावरून एटीआरपी घेऊ नका. त्यातील तांब्याचा उत्प्रेरक अमाइन लिगँडवर (तांब्याला धरून ठेवणाऱ्या रेणूवर) अवलंबून असतो. मिथॅक्रिलिक आम्ल त्या लिगँडला प्रोटॉन देते आणि साखळीच्या टोकाचा हॅलोजनही लॅक्टोन तयार होऊन गळून पडतो. नियंत्रणाच्या तिसऱ्या, नायट्रॉक्साइडच्या पद्धतीला साधारणपणे शंभर अंशांहून अधिक तापमान लागते, आणि त्या उष्णतेत टेम्प्लेट व मोनोमर यांमधील हायड्रोजन बंध सैल होतात. शिवाय टेम्पोसारखी नायट्रॉक्साइड संयुगे मिथॅक्रिलेटवर नीट चालत नाहीत. राफ्ट मात्र आम्लगट सहन करते. राफ्टचा अभिकर्मक म्हणून सायनोआयसोप्रोपिल गट असलेले डायथायोबेंझोएट (एक डायथायोएस्टर) मिथॅक्रिलेटसाठी योग्य ठरते. नेहमीच्या पद्धतीत साखळी क्षणार्धात वाढून संपते व जाळी कुठे दाट, कुठे विरळ होते. राफ्टमध्ये सर्व साखळ्या सावकाश आणि बरोबरीने वाढत असल्यामुळे जाळीला स्थिरावण्यास वेळ मिळतो.

सातपुडा (शिरपूर): पद्धतीच्या निवडीबाबत पांझरा यांच्याशी सहमत आहे, परंतु अपेक्षा थोडी आवरावी असे मला वाटते. क्रॉसलिंकर 80 टक्क्यांच्या आसपास असला की मिश्रण लवकर घट्ट होते, साखळ्यांची टोके जाळीत अडकतात आणि ‘नियंत्रण’ हा शब्द बराचसा कागदावरच उरतो. मुळात आपला दोष वेगळ्या ठिकाणी दिसतो. पोकळी अ‍ॅसिटोनायट्राइलमध्ये घडली आणि परीक्षा पाण्यात घेतली जात आहे. पाणी हायड्रोजन बंधांसाठी स्पर्धा करते, विहिरीच्या पाण्याच्या सामूला आम्लगट आयनित होतात, आणि पाण्याला बिचकणारा पृष्ठभाग समोर येईल ते सेंद्रिय संयुग ओढून घेतो. म्हणून दोन्ही पॉलिमर सारखेच वागतात. आधी दोन्हींचे शोषण अ‍ॅसिटोनायट्राइलमध्ये मोजा. तेथे फरक दिसला तर पोकळ्या ठीक आहेत असे समजावे.

गिरणाकाठ: तसा फरक दिसला, तर राफ्टची गरजच नाही असे म्हणायचे का, सर?

सातपुडा: नाही, उलट तेव्हाच ती खऱ्या अर्थाने उपयोगी पडेल. राफ्टने केलेल्या कणांच्या पृष्ठभागावर डायथायोएस्टरची जिवंत, म्हणजे पुन्हा वाढू शकणारी, टोके शिल्लक राहतात. टेम्प्लेट धुऊन काढण्यापूर्वी त्याच टोकांवरून ग्लिसरॉल मिथॅक्रिलेटसारख्या पाणीप्रिय मोनोमरच्या साखळ्या वाढवता येतात, आणि त्यांमुळे पाण्यात होणारे सरसकट शोषण कमी होते. नेहमीच्या पद्धतीने केलेल्या कणांवर ही सोय नसते. टेम्प्लेट न घातलेल्या कणांवरही तेच कलम करावे, नाहीतर तुलना निरर्थक ठरेल.

पांझरा: हे मला मान्य आहे. एक खबरदारी: प्राथमिक अमाइन डायथायोएस्टर फोडतो. इमिडाक्लोप्रिडमध्ये तो नाही, म्हणून आपण सुरक्षित आहात. पुढे दुसरे टेम्प्लेट घेतल्यास हे आधी तपासा. राफ्टचा अभिकर्मक इनिशिएटरपेक्षा मोल प्रमाणात जास्त ठेवा, ऑक्सिजन नीट काढा आणि वेळ अधिक द्या. कण गुलाबी दिसले तर घाबरू नका, तो डायथायोबेंझोएटचा रंग आहे. कलम करण्याआधीच तो उडालेला दिसला, तर मात्र टोके शिल्लक आहेत का याची शंका घ्यावी.